कानाची पाळी

पोवई नाक्यापाशी हॉल. दोन दिवसांची कार्यशाळा,
माणशी पंधराशे.
मी गेले होते चौदा नऊवाऱ्या नेसवायला,
नगाला साठ रुपये, पिना माझ्या.

"काकू, कासोटा जरा सैल. मध्ये स्क्वॉट्स आहेत."
ठेवला सैल.
नथी चापाच्या. घुंगरं मात्र कुणीच बांधली नाहीत,
ती ट्रॅकमध्येच आहेत म्हणे.

शिकवणारा पुण्याचा, पोरगेलासा,
वाईट नव्हता. आल्या आल्या मला पाणी विचारलं त्यानं.
आरशापुढं उभा राहिला नि म्हणाला,
आता आपली ती व्हायरल स्टेप.
फाइव्ह, सिक्स, सेवन, एट.
डावी टाच पुढे. घोटा तीनदा फिरवा.
तिसऱ्यांदा कंबर अडवा.
नजर खाली. लाजायचंय इथे, लाजा.

माझ्या हातातली पिन तळव्यात गेली.

आईची टाच होती ती.
अनसूया पुसेगावकर. तुम्ही ऐकलं नसेल.
ज्यांनी ऐकलंय ते औंधच्या जत्रेत
कनातीत पहिल्या रांगेला बसायचे
आणि घरी जाऊन सांगायचे, कुस्त्या बघितल्या.

बरं, आईची तरी कुठली?
म्हसवडच्या माळावर गिरजा म्हणून डोंबारीण होती.
दोरावरनं उतरली की आधी
टाचेनं भुई चाचपायची.
हाय का जाग्यावर? हाय का? हाय.
मग कंबर जिथल्या तिथं अडवायची,
सातवा चालू होता तिला.
नजर खाली, कारण भुईवर विश्वास नव्हता.
लाज कसली त्यात.

आई तिच्या पालावर गेली, मागून घेतलं.
फुकट नाही. एक इरकली लुगडं, पाच शेर जोंधळे,
शिवाय गिरजाची अट: करशील तिथं नाव घे.
आई घ्यायची.
ढोलकी एक मात्रा थांबायची,
आई कानाच्या पाळीला बोट लावायची,
"गिरजाचं हाय" म्हणायची,
मग टाच.
लोकांना वाटायचं, हीपण अदाच. शिट्ट्या पडायच्या.

चार वर्षांमागं दोघं आले होते कॅमेरा घेऊन,
कला जपायचीय म्हणाले.
गुडघा दुखत होता तरी मी करून दाखवली, कानासकट.
चहासुद्धा मीच टाकला, आलं घालून.
आता चोरी म्हणावं तर दाराला कडी नव्हती.
दिलं म्हणावं, तर हात पुढं केल्याचं आठवत नाही.

गाण्यात टाच आहे. कंबर आहे.
पायाखाली काचेची फरशी, मागं आगीचे लोळ,
आणि ती बाई गोरी करून घेतलेली.
मात्रा तेवढी काढलीय.
रिकामीच होती ना.

करंज्याची एक पोरगी सारखी अडखळत होती.
मला म्हणाली, काकू, तुम्हाला येते का हो?
साडी खोचली. चपला काढल्या.
चौदा आरशांत चौदा जणी मागं सरकल्या.

टाच पडली तशी पोरगा म्हणाला,
"सुंदर! फक्त एक बीट मागे पडताय, काकू."
"पडणार," मी म्हणाले.

त्यानं परत लावून बघितलं, मान हलवली.
"ते कानाचं भारी आहे पण. घेऊ का आम्ही?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारत होतं.
मी म्हणाले, एक इरकली लुगडं,
पाच शेर जोंधळे,
आणि नाव.

सगळे हसले. पोरगाही हसला,
काकू म्हणजे कमाल आहेत.
माझं नाव विचारलं कुणीतरी, टॅग करायला.
माझं नाही रे, म्हणेस्तोवर
फाइव्ह, सिक्स,

आणि चौदा पोरींनी चौदा कान धरले.